सासरला घे

तांब्याभर पाणी मागायचे तर सहदेव आधी ते तीनदा मनात म्हणून बघायचा. पाणीच म्हणायचे आहे ना? भलतेच काही तोंडातून निघणार नाही ना? शेवटी तो न मागताच स्वतः उठून माठापाशी जायचा. तिथे गेला की कशाला उठलो तेच विसरायचा आणि अंगणात फेऱ्या घालू लागायचा. अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून कुंपणापाशी, कुंपणापासून परत. वाडीतली माणसे म्हणायची, घाण्याचा बैल फिरतो तो निदान तेल तरी काढतो.

वैशाखापासून हे असे चालले होते. वैशाखात त्याच्या एका शब्दाने त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा मेला.

सहदेव नेरळ ते माथेरान या वाटेवरचा डोलीवाला. दोन लांब बांबू, मध्ये बांधलेली खुर्ची, खुर्चीत साहेब नाहीतर मडम, आणि बांबूंच्या चार टोकांखाली चार खांदे. पुढे सहदेव आणि लडकू, मागे बहिणीचा नवरा कान्हा आणि चांगो. पुढच्या जोडीला वाट दिसते. मागच्या जोडीला खुर्चीची पाठ दिसते, फार तर मडमेच्या टोपीवरचे पीस. म्हणून पुढचा एकजण बोलत चालतो. पायाशी दगड आला की 'खडा', मुरूम सैल असला की 'निसर'. मागचा दर बोलाला 'आलो' म्हणतो आणि पाय टाकतो. आलो म्हणजे ऐकले, मानले, आता तुझ्या जिवावर पाय टाकला.

यात दोन शब्द सगळ्यांत मोलाचे होते, सासर आणि माहेर. डोंगराची बाजू ती सासर. तिथे अंग खरचटते, कडा खांद्याला घासतो, पण माणूस टिकतो. दरीची बाजू ते माहेर, कारण तिकडे गेलेली लवकर परत येत नाही. ही थट्टा पहिल्यांदा कोणी केली कोण जाणे, पण थट्टेच्या पोटात अक्कल होती. ती वाट नागासारखी वळत जाते. वळणावर पुढचा माणूस वळून गेलेला असतो आणि मागचा अजून अलीकडेच असतो. पुढच्याच्या उजव्या हाताला डोंगर, तर मागच्याच्या उजव्या हाताला दरी. तिथे डावे-उजवे म्हणणाऱ्याने माणूस मारलाच म्हणून समजावे. सासर मात्र ज्याचे त्याला कळते. 'सासरला घे' म्हटले की चौघेही आपापल्या डोंगराकडे सरतात.

आता हे शब्द बंद कसे झाले ते ऐका. मुनशीकडून चार शब्द मराठी शिकलेल्या एका मडमेने मुकादमाला विचारले की ही माणसे सारखी सासर-माहेर काय करतात. मुकादम कोंडाजी. टोपी दिसली की ज्याचा कणा मेणाचा होतो, असला माणूस. त्याने जन्मात कधी बांबू खांद्यावर घेतला नव्हता. ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली म्हणून तो बोलून गेला की बायकांवरून चावट बोलतात, अडाणी आहेत. मडमेने नाक मुरडले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजीने चौकात सगळ्या डोलीवाल्यांना उभे केले.

"आजपासून डावी-उजवी बोलायचं. सासर-माहेर ज्याच्या तोंडनं निघंल त्याचा बिल्ला जाईल."

बिल्ला म्हणजे दंडावरचा पितळी तुकडा. तो गेला की डोलीला हात लावता येत नाही. मग सगळ्यांनी माना हलवल्या. सहदेवानेही हलवली. ज्याच्या पायाखाली दरी नाही तो शब्द ठरवतो आणि ज्याच्या पायाखाली दरी आहे तो मान हलवतो, अशी ही रीत.

चौथ्या दिवशी, आंब्याच्या वळणावर, सहदेव वळून पुढे गेला. पायाखाली मुरूम सैल लागला. सासर जिभेवर आले होते, ते त्याने गिळले आणि ओरडला, "निसर. उजवीकडं घे."

मागून कान्हा म्हणाला, "आलो." आणि त्याने उजवीकडे घेतले.

चांगोने बांबू अंगावर ओढून घेतला म्हणून खुर्ची डोंगराकडे कलंडली. आतल्या मडमेचे कोपर खरचटले. त्या कोपरासाठी वरून डॉक्टर धावत आला. कान्हाला दरीतून काढायला दिवस मावळला. चौकशीत कोंडाजीने सांगितले, "बोलणारा चुकला." शब्द कोणी बदलले, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

सहदेवाचा घसा त्या दिवशी मिटला तो मिटलाच. जो शब्द तोंडातून जाईल तो कोणाला तरी खाली ओढील, असे त्याला वाटायचे. आणि 'आलो' हा शब्द तर त्याला ऐकवत नसे. शेजारणीने कोणाला हाक मारली आणि पलीकडून कोणी 'आलो' म्हणाले की हा कानांवर हात दाबून गोठ्यात शिरायचा. वाडीने उपाय सांगितले. भगताने कोंबडे घेतले आणि वळणावरचे भूत लागले आहे म्हणाला. कोंडाजीने ताडी पाठवली, स्वतः आला नाही. बाकीचे येता-जाता एकच सांगत, "सहदेवा, मन घट्ट कर." मन काय धोतराची गाठ आहे? कसे घट्ट करायचे ते एकानेही सांगितले नाही. ठाऊक असते तर सांगितले असते. सांगणारा मोकळा होऊन आपल्या वाटेने जायचा आणि ऐकणारा आणखी एका गोष्टीत नापास होऊन अंगणात फिरत राहायचा.

बायजा, त्याची बहीण, आषाढात भावाकडे आली होती. शेताला हात कमी पडत होते म्हणून आली, असे ती म्हणायची. लावणी झाली, बेणणी झाली, पण भावाशी ती कामापुरतेही बोलली नाही. तो फिरायचा, ती बघायची.

आश्विनात भात कापणीला आले तेव्हा तिचा दीर पोपट आला. कान्हाच्या पाठचा, लग्न होऊन दोन वर्षे झालेला. ओटीवर टेकला आणि म्हणाला, "वैनी, दिवाळीनंतर मी डोलीला लागतोय. दादाच्या जागेवर."

बायजा सूप पाखडत होती. हात थांबला नाही. "म्होरं कोण बोलणार?"

"लडकू."

"लडकू मुकादमाला इचारल्याबिगर शिंकत नाय."

"मग कोण? पाव्हणं तर पाणी बी मागत नाय." पोपटाने अंगणाकडे मान केली. सहदेव कुंपणापर्यंत जाऊन वळत होता.

बायजाने सूप खाली ठेवले. पोपट गेला तरी ती तशीच बसून भावाच्या फेऱ्या बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेतावर तिने भाताचा भारा डोक्यावर घेतला. भारा मोठा, लोंब्या डोळ्यांवर आलेल्या. शेतापासून खळ्यापर्यंत अरुंद बांध होता, एका अंगाला शेताचा चढ आणि दुसऱ्या अंगाला पुरुषभर खोल वहाळ.

"सहदेवा, म्होरं चाल," ती म्हणाली. "आनि बोल. मला खालचं दिसत नाय. तुझ्या बोलावर पाय टाकीन."

त्याने मान हलवली.

"मान हलवल्याली बी मला दिसत नाय. बोल."

तो तोंड उघडून उभा राहिला. ती म्हणाली, "मी तुला माफ केलं असं समजू नगंस. माझा दीर त्या जागेवर लागणार हाय. माझं कुंकू पुसलं ते पुसलं. जावेचं पुसल्यालं मला बघायचं नाय. चाल."

तो चालला, पण आवाज निघेना. ती मागून येत होती, एक पाय, दुसरा पाय. बांध जिथे खचला होता तिथे तो थांबला, वळून बघितले, तोंडाचा आ झाला आणि तसाच राहिला. बायजाने पाय टाकला तो पोकळीत. भाऱ्यासकट ती वहाळात गेली.

पाणी मांडीइतके होते. ती उठली तेव्हा केसांत चिखल, कोपराला रक्त, आणि तोंडात अशा शिव्या की शेजारच्या शेतातल्या बाया कापायच्या थांबल्या. भारा काठावर फेकून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मेल्या, तू बोललास तवा एक मेला. आज नाय बोललास तर मी पडले. आता सांग, गप ऱ्हाऊन कोण वाचलं?"

तो घरी आला आणि त्या दिवशी अंगणात फिरला तो दिवे लागेपर्यंत फिरला. पण आता पायांबरोबर तो प्रश्नही फिरत होता.

सकाळी बायजाने पुन्हा भारा घेतला. कालच्या जागेजवळ पायाशी दगड आला तेव्हा सहदेवाच्या घशातून खरवडल्यासारखे काहीतरी निघाले.

"खडा."

"आले," मागून बायजा म्हणाली.

तो मटकन बांधावर बसला.

"बसलास का? ऊठ. भारा माज्या डोईवर हाय, तुज्या नाय."

"कापरं थांबंना, अक्का."

पाच महिन्यांतले हे त्याचे पहिले धड वाक्य. बायजाने त्याचे कौतुक केले नाही. "मग कापत कापत बोल. मी तुजे पाय बघत नाय, बोल ऐकते."

तसे ते कापणीभर चालले. रोज वीस-वीस भारे. कधी दहा बोल निघायचे, कधी दोन, एखादा दिवस मुळीच नाही आणि बायजा शिव्या घालत भारा बांधावर टाकून बसायची. त्याला एवढे कळत गेले की मनात वळण आणले की घसा मिटतो, आणि पायापुढचा दगड बघितला की दगडापुरता उघडतो. पुढचा दगड पुढे बघू. सगळ्या बांधाचा विचार केला की आवाज गेलाच. शेजारच्या बाया हसायच्या. एकजण म्हणाली, "बायजा, भाऊ डोलीला नेतोय का तुला?" बायजा म्हणाली, "हो, तू बी बस. वजनाची सवय होईल त्याला."

एका दुपारी बांधाच्या वळणावर तो बोलून गेला, "निसर. सासरला घे." आणि स्वतःच दचकून थांबला.

बायजाही थांबली. "ह्ये काय?"

"शेताकडच्या अंगाला सासर. वहाळाकडं माहेर."

"तुमा बाप्यांना दरीला ठेवायला दुसरं नाव नाय सापडलं? माहेरच सापडलं?" ती म्हणाली. मग भारा सावरत, "डावी-उजवी का नाय म्हणत?"

तेव्हा तो सांगू लागला. आधी अडखळत, मग भराभर, हाताने वळण दाखवत. पुढच्याची उजवी आणि मागच्याची उजवी. मडम काय म्हणाली, मुकादम काय म्हणाला. जिभेवर काय आले होते आणि आपण काय गिळले. "माजी उजवी खरी व्हती, अक्का. दाजींची खोटी. दाजींनी ऐकलं. आलो म्हणाले."

बायजाने भारा हळूच खाली ठेवला. तिला वैशाखापासून एवढेच सांगितले होते की बोलणारा चुकला. सगळी वाडी तेवढेच म्हणत होती, कारण तेवढेच म्हणणे सगळ्यांच्या सोयीचे होते.

"आनि तू मान हलवलीस," ती म्हणाली.

"हलवली."

"ती तुजी चूक. तेवढीच तुजी. बाकीची ज्याची त्याला दे." तिने पदराने तोंड पुसले. भारा स्वतःच्या हाताने उचलून डोक्यावर घेतला. "चल. सासर म्हण, माहेर म्हण, काय बी म्हण. पण बोल."

दिवाळी झाली. माथेरानला साहेबलोक यायला लागले. सहदेव चौकात जाऊन कोंडाजीपुढे उभा राहिला आणि म्हणाला की पुढे मी बोलणार, मागे पोपट. कोंडाजीने त्याला खालीवर बघितले.

"घसा उघडला वाटतं?"

"उघडतो कधी कधी."

हे ऐकून चांगो हसला. कोंडाजीला मात्र हसू येत नव्हते. वरच्या साहेबाने सगळ्या मुकादमांना त्याच दिवशी नव्या बिल्ल्यांसाठी बोलावले होते. कोंडाजीचा पाय सुजून भोपळा झालेला, घोड्यावर मांडी टाकता येईना आणि बाकीच्या डोल्या लागलेल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मुकादम खुर्चीत बसला. चांगले तीन मणाचे धूड. बांबू वाकले.

"म्होरं घोड्यावर सायेब हाय," बसता बसता तो म्हणाला. "डावी-उजवी बोलायचं. ध्यानात हाय ना?"

चौघांनी खांदे बांबूंखाली घातले. डोली उठली.

खालच्या टप्प्यात वाट रुंद होती. सहदेव खडा म्हणायचा, निसर म्हणायचा, आणि मागून पोपटाचा आवाज यायचा, आलो. तो आवाज कान्हासारखाच होता. दर वेळी सहदेव पायापुढचा दगड बघायचा. मग त्याच्या पुढचा. घामाने बांबू निसटायला लागला होता.

आंब्याचे वळण आले. झाडाच्या बुंध्याशी डोलीवाल्यांनी कान्हाच्या नावाने मांडलेला शेंदराचा दगड होता. सहदेवाने तो बघायचा नाही असे ठरवले होते, पण बघितला. तो वळला. पायाखाली तोच सैल मुरूम. तोंड उघडले, घसा मिटला. तो थांबला, म्हणून लडकू थांबला, म्हणून मागचे दोघे थांबले. चढावर थांबलेली डोली चालत्या डोलीच्या दुप्पट जड होते.

"पाव्हणं, म्होरं काय हाय?" मागून पोपटाने विचारले.

सहदेवाच्या कानांत सूं सूं आवाज येत होता. दगड कुठे आहे? दगड दिसेना. सगळी वाट दिसत होती, सगळी दरी दिसत होती.

वर कोंडाजी चुळबुळला. पुढचा साहेब दूर चालला होता. "थांबलात कशाला रं? उजवीकडं घ्या नि चला."

"आ..." मागून पोपटाचा आवाज निघाला.

तो शब्द पुरा व्हायच्या आत सहदेव ओरडला. कसा ओरडला ते त्याला पुढे कधी सांगता आले नाही. घसा फाटल्यासारखा आवाज होता. "सासरला! पोपट, सासरला घे!"

पोपटाचा उचललेला पाय हवेतच वळला. टाच काठावर घासली, मुरूम सुटला आणि खडखडत खाली गेला. तो खाली पोचल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. खुर्ची दरीकडे हातभर कलली होती. कोंडाजीने आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत बसून खाली बघितले. त्याने दोन्ही हातांनी खुर्ची धरली, डोक्याचे पागोटे सुटून दरीत गेले.

चांगोने खांदा बांबूखाली घट्ट रोवला आणि शांतपणे विचारले, "मुकादम, उजवी म्हंजे तुमची का आमची?"

"सासरला घ्या रं," कोंडाजी म्हणाला. आवाज पोरासारखा झाला होता. "बाबांनो, सासरला घ्या."

"निसर," सहदेव म्हणाला. आवाज थरथरत होता. "निसर. सासरला. खडा. आता मोकळं."

"आलो," पोपट म्हणाला.

वर पोचल्यावर कोंडाजी उतरला. उघड्या डोक्यावर उपरणे बांधले, ताठ उभा राहिला आणि दहा पावले चालेपर्यंत पुन्हा मुकादम झाला. माणसाला शहाणपण येते ते दरीच्या काठावर, आणि सपाटीवर आला की तो ते झटकून टाकतो. डोलीसाठी एक मडम उभी होती, तिला खाली नेरळला जायचे होते. कोंडाजी म्हणाला, "उतरताना डावी-उजवी. मघा झालं ते झालं. खाली कुणाला सांगायचं नाय."

सहदेवाला दंडावरच्या बिल्ल्याची गाठ सोडायला वेळ लागला. सोडून त्याने तो कोंडाजीपुढे धरला.

"सासर-माहेर बोलून उचलतो. नायतर ह्यो घ्या."

लडकू जमिनीकडे बघत राहिला. चांगोने पान काढून चुना लावायला घेतला. पोपट म्हणाला, "मी ह्यांच्याच बोलावर चालीन. दुसऱ्या कुणाच्या नाय."

कोंडाजीने बिल्ल्याकडे बघितले, मग आपल्या सुजलेल्या पायाकडे. त्यालाही संध्याकाळी याच वाटेने उतरायचे होते. "मडमेनं इचारलं तर मी काय सांगू?"

"खरं सांगा. एक डाव सांगून तर बघा."

"बरं बरं. हळू बोला मग."

"हळू बोललं तर मागं ऐकू येत नाय," सहदेव म्हणाला, आणि बिल्ला पुन्हा दंडाला बांधू लागला. गाठ बसेना. पोपटाने पुढे होऊन ती मारली.

डोली उठली. उताराला ओझे पुढच्या जोडीवर येते, गुडघे बोलायला लागतात. दोन वळणे गेली, तीन गेली. खाली आंब्याचा शेंडा दिसू लागला तसा घसा आवळत आला, सकाळसारखाच, जराही कमी नाही. सहदेवाला त्याचा राग आला. एवढे झाले तरी हा मेला सुटत नाही. मग त्याला बहिणीचा चिखलाने माखलेला चेहरा आठवला. त्याने शेंड्यावरची नजर काढली आणि खाली आणली. पायापुढे अंड्याएवढा दगड होता.

"खडा," तो म्हणाला.

"आलो."

वळण. डोंगर आता दुसऱ्या हाताला होता. मडम वळून काहीतरी विचारत होती. घसा पुरता मिटायच्या आत बोलायचे होते.

"सासरला घे."

मागून कड्याला खांदा घासल्याचा आवाज आला, आणि पोपटाचा.

"आलो."